बळ, भार आणि मोल

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें, असा संपादक-मंडळाचा आग्रह दरवर्षीं होतो. आणि शिस्त, वाचन, वेळेचा सदुपयोग यांपैकीं एखाद्या विषयावर चार शब्द लिहून मीहि दरवर्षीं मोकळा होतों. यंदा मात्र विषय शोधीत बसावें लागलें नाहीं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यांत तो आपल्या पायांनीं चालत शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला.

ओवे गांवांतील एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन मला भेटावयास आले. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. पदविकेचा अभ्यास पुरा करून तळोज्याच्या एका कारखान्यांत नुकताच नोकरीस लागलेला. वडिलांच्या लहानपणीं जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज खारघरच्या उंच इमारती उभ्या आहेत. जमिनीच्या बदल्यांत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापोटीं त्यांच्या हातीं कांहीं रक्कम आली होती. तिच्यांतून मोटारगाडी घ्यावी, येथपर्यंत बापलेकांचें एकमत होतें. कोणती घ्यावी, यावरून मात्र घरांत अबोला पडण्याची वेळ आली होती.

वडील म्हणाले, “सर, पोरगा तुमचं ऐकतो. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा. गाडी घ्यायची तर उंच, भक्कम, भारदस्त घ्यावी. समोरचा आपणहून बाजूला होतो. हा म्हणतो, मला पळणारी पाहिजे.”

मुलगा म्हणाला, “सर, बाबा नुसता आकार बघतात. मी हॉर्सपॉवर बघतो. पण जी आवडते ती परवडत नाही, आणि जी परवडते ती पळत नाही.”

मुलाच्या या एका वाक्यांत सबंध प्रश्न सांठविलेला आहे. ज्या गाडीला इंग्रजींत स्पोर्ट्स कार म्हणतात, ती म्हणजे केवळ पोंचण्यासाठीं नव्हे, तर चालविण्याच्या आनंदासाठीं केलेली चपळ गाडी. श्रीमंतासाठीं अशी गाडी करणें फारसें अवघड नाहीं. मध्यम स्थितींतील माणसाला झेपेल अशी करणें हीच खरी परीक्षा होय. आणि त्या परीक्षेंत तीन गोष्टींचा तोल सांभाळावा लागतो: एंजिनाचें बळ, गाडीचा भार आणि तिचें मोल. मुलगा बळाकडे पाहत होता, वडील मोलाकडे आणि दिमाखाकडे. भाराचा विचार दोघांपैकीं कोणाच्याच मनांत नव्हता. माझें मत असें कीं, या तिघांत भार हाच मुख्य आहे. त्याला आवर घातला म्हणजे उरलेले दोघे पुष्कळसे आपोआप आवरतात. हें मत विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तपासून पाहावें, म्हणून येथें मांडीत आहें.

प्रथम बळ म्हणजे काय तें पाहूं. पंचाहत्तर किलोंचें ओझें एका सेकंदांत एक मीटर उंच उचलण्याचें जें सामर्थ्य, त्याला दशमान पद्धतींत एक अश्वशक्ति म्हणतात. हें सामर्थ्य जिला हलवावयाचें, ती गाडी किती जड आहे हें कळल्याशिवाय नुसत्या अश्वशक्तीच्या आंकड्याला अर्थ नाहीं. यासाठीं अश्वशक्तीला टनांतील वजनानें भागावें. येणारा भागाकार म्हणजे त्या गाडीचें खरें बळ.

तो भागाकार त्या दिवशीं मीं फळ्यावर मांडला. आपल्या वडीलधाऱ्यांनीं जिच्यांतून मुंबई पाहिली ती कुर्ल्याच्या कारखान्यांतील प्रीमियर पद्मिनी: सुमारें ४० अश्वशक्ति, वजन ९०० किलोंच्या आंतबाहेर, भागाकार ४५ च्या आसपास. २००८ सालीं जिनें जगाला थक्क केलें ती टाटांची नॅनो: सुमारें ३५ अश्वशक्ति, वजन सुमारें ६०० किलो, भागाकार ५८. २०१३ सालीं चाकणच्या कारखान्यांतून निघालेली फोल्क्सवागेन पोलो जीटी टीएसआय: १०५ अश्वशक्ति, सुमारें ११०० किलो, भागाकार ९५. आणि २०१५ सालीं रांजणगांवच्या कारखान्यांतून आलेली फियाटची अबार्थ पुंतो: १४५ अश्वशक्ति, सुमारें १२०० किलो, भागाकार १२०. पहिल्या दोन गाड्यांना कोणी चपळ म्हणणार नाहीं. उरलेल्या दोन सामान्य कुटुंबाला कशाबशा झेपतील अशा किंमतींत आल्या आणि चालविण्याचा आनंद देऊन गेल्या. पोलो जीटी आठ लाखांच्या सुमारास मिळे, अबार्थ दहा लाखांच्या किंचित् आंत. दोन्ही गाड्या आतां नव्या मिळत नाहींत.

मुलगा आनंदला. “म्हणजे हॉर्सपॉवर वाढवली की काम झालं!” असें तो म्हणाला. मीं त्याला थांबविलें आणि पांचवी गाडी फळ्यावर लिहिली. जपानच्या माझदा कंपनीनें १९८९ सालीं काढलेली एमएक्स-५ ही दोन माणसांची उघडी गाडी: अश्वशक्ति सुमारें ११५, वजन सुमारें साडेनऊशें किलो. भागाकार तोच, १२० च्या जवळपास! अबार्थहून तीस अश्वशक्ति कमी, तरी बळ तेवढेंच. कारण तिच्या अंगावर अडीचशें किलोंचें ओझें कमी होतें. जें दुसऱ्यानें एंजिन वाढवून मिळविलें, तें तिनें भार टाकून मिळविलें.

आतां कोणी म्हणेल, भागाकार सारखाच असेल तर मार्ग कोणता घेतला यानें काय बिघडतें? बिघडतें तें असें. शंभर किलोमीटरच्या वेगानें धांवणाऱ्या गाडींत किती ऊर्जा सांठलेली असते, याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करतां येतो. ती गाडी एकोणचाळीस मीटर उंच उचलावयास जितकें काम लागेल, तितकी. एकोणचाळीस मीटर म्हणजे तेरा मजल्यांची इमारत. आमच्या वर्गाच्या खिडकींतून खारघरच्या अशा इमारती रोज दिसतात. हजार किलोंची गाडी दहा सेकंदांत त्या वेगाला न्यावयाची, तर निव्वळ तेवढ्यासाठीं सरासरी बावन्न अश्वशक्ति खर्ची पडतात. तीच गाडी सोळाशें किलोंची असेल, तर चौऱ्यायशीं. वारा आणि घर्षण यांचा खर्च निराळाच.

परंतु ही झाली वेग घेण्याची गोष्ट. घेतलेला वेग केव्हां तरी टाकावाहि लागतो. एंजिनाचें बळ वाढवून गाडी पळवितां येते. मात्र ती थांबवितांना तें बळ उपयोगी पडत नाहीं. तेथें ब्रेक आणि टायर यांनाच सगळा भार सोसावा लागतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरतांना सुमारें पांचशें मीटरांची उंची उष्णतेच्या रूपानें कोठें तरी जिरवावी लागते. जड गाडीला ती अधिक जिरवावी लागते. वळणावरहि तसेंच. जड गाडी बाहेरच्या बाजूस अधिक जोरानें ओढली जाते आणि तिला धरून ठेवण्यास रुंद टायर लागतात. म्हणजे भार वाढला कीं एंजिन मोठें हवें. एंजिन मोठें झालें कीं त्याचा सांगाडा, ब्रेक, चाकें, इंधनाची टाकी सर्व मोठें हवें. आणि तें सर्व मोठें झालें कीं भार पुन्हां वाढला! सावकाराच्या व्याजासारखें हें चक्र आहे. त्याचा प्रत्येक फेरा गाडीच्या किंमतींत उमटतो. उलट, हलकेपणाचेंहि चक्र असतें. भार उतरला कीं ब्रेक लहान चालतो, टायर अरुंद चालतो, आणि खर्चहि उतरतो.

माझदाच्या त्या गाडीचे प्रमुख अभियंते तोशिहिको हिराई यांनीं आपल्या मंडळीपुढें एक जुनी जपानी कल्पना ठेविली होती: स्वार आणि घोडा हे एकजीव व्हावेत. गाडी अशी असावी कीं चालविणाऱ्याच्या मनांत आलें आणि ती वळली. त्या गाडीच्या पुढील पिढ्यांनीं हेंच सूत्र चालविलें, आणि २०१६ सालीं दहा लक्षावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. स्वस्त, हलकी आणि चपळ गाडी जगांत कोणी विकत घेत नाहीं, या समजुतीला याहून मोठें उत्तर नको.

ही कल्पना जपानी असली, तरी महाराष्ट्राला ती परकी नाहीं. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें दिसावयास मोठीं भारदस्त नव्हतीं. समुद्रावरून येणाऱ्या उंची अरबी घोड्यांपुढें तीं ठेंगणीं दिसत, परंतु त्यांची किंमत शेतकऱ्याच्या आवांक्यांतील होती, चारा थोडा लागे आणि डोंगरवाट त्यांच्या पायांखालची होती. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदाराला मोलाची चिंता असे, म्हणून त्यानें भार ओळखला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या स्वारांनीं औरंगजेबाच्या अवाढव्य छावणीला जेरीस आणलें, तें अधिक बळाच्या जोरावर नव्हे, अंगावर ओझें कमी म्हणून. पुढें १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर आमच्याकडे इब्राहीमखान गारद्याच्या तोफा होत्या, म्हणजे बळ पूर्वीपेक्षां कितीतरी जास्त होतें. पण त्यांच्या मागें बाजारबुणगे, यात्रेकरू आणि कुटुंबकबिला यांचा भार चालला होता. केवळ भारामुळें पराभव झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल; त्याला दुसरींहि कारणें आहेत. तथापि बळ वाढलें आणि चपळाई गेली, ही गोष्ट कोणी नाकारणार नाहीं.

येथें मुलानें मोठा मार्मिक प्रश्न विचारला. “सर, हलकी गाडी एवढी चांगली, तर मग सगळे हलक्याच का करत नाहीत?” याचें उत्तर मोलाच्या प्रकरणांत आहे.

हलकेपणा दोन प्रकारचा असतो. एक स्वस्त, एक महाग. जें नको तें काढून टाकणें, गाडीच मुळांत लहान करणें, एकाच भागाकडून दोन कामें करून घेणें, हा स्वस्त हलकेपणा. त्याला पैसा थोडा लागतो, विचार पुष्कळ लागतो. पोलादाच्या जागीं अॅल्युमिनियम किंवा कार्बनचे धागे घालणें, हा महाग हलकेपणा. त्याला विचार थोडा कमी चालतो, पण पैसा फार लागतो. बाजारांत पुष्कळदां दुसऱ्याचाच बोलबाला होतो, कारण लहान आणि साधी गाडी दिसावयास श्रीमंत दिसत नाहीं.

शिवाय मोल हें संख्येवर अवलंबून असतें. पत्र्याला आकार देणारे सांचे अतिशय महाग असतात. तो खर्च लाख गाड्यांवर वांटला तर जाणवत नाहीं; दोनशें गाड्यांवर वांटला तर प्रत्येक गाडीचें कंबरडें मोडतो. म्हणूनच शहाणा कारखानदार चपळ गाडी करतांना एंजिन आणि गिअर आपल्या साध्या गाडींतूनच उचलतो. १९९८ च्या सुमारास बंगळूरच्या सॅन मोटर्स या कंपनीनें स्टॉर्म नांवाची दोन माणसांची उघडी गाडी काढली, तेव्हां तिनें रेनोचें सुमारें साठ अश्वशक्तीचें छोटें एंजिन घेतलें आणि अंग फायबरग्लासचें केलें. विचार योग्य होता. परंतु गिऱ्हाइकें थोडीं, आणि ती गाडी आज केवळ हौशी लोकांच्या आठवणींत उरली आहे.

आपल्या पिंपरीच्या टाटा मोटर्सनें हे दोन्ही टोकांचे प्रयोग करून पाहिले आहेत. नॅनोंत मोल हाच धनी होता. एक लाख रुपये ही किंमत आधीं ठरली, आणि बळ व भार यांनीं तिच्या हुकमांत राहावें असें ठरलें. भार उतरविण्याची जी कल्पकता तिच्यांत दिसली, तिचें कौतुक जगभर झालें. पण बळ इतकें तोकडें राहिलें कीं स्वस्ताईखेरीज दुसरा गुण लोकांना दिसेना. पुढें मार्च २०१७ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत त्याच कंपनीनें रेसेमो ही दोन माणसांची गाडी दाखविली. एंजिन साध्या गाड्यांच्याच घराण्यांतील, बाराशें घनसेंटीमीटरचें; पण १९० अश्वशक्ति देणारें, आणि सहा सेकंदांच्या आंत शंभराचा वेग गांठील असें कंपनीचें म्हणणें. बळ आणि भार यांचा तोल तेथें साधल्यासारखा वाटला. ती गाडी विक्रीस मात्र आलीच नाहीं. कंपनीनें तो प्रकल्प बाजूस ठेविला. एकींत मोल होतें आणि बळ नव्हतें. दुसरींत बळ होतें आणि मोल जमलें नाहीं. तीन पायांच्या तिवईचा एक पाय आंखूड राहिला, तर उरलेले दोन कितीहि घोटीव असोत, ती उभी राहत नाहीं.

यांत सरकारच्या मोजपट्टीचाहि भाग आहे. २००६ च्या अंदाजपत्रकापासून आपल्याकडे चार मीटरांहून आंखूड आणि बाराशें घनसेंटीमीटरच्या आंतील पेट्रोल एंजिनाची गाडी लहान समजली जाते आणि तिला कराची सवलत मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के आणि मोठ्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के वस्तु व सेवा कर आहे. अबार्थ पुंतो चार मीटरांच्या आंत होती. पण तिचें एंजिन १३६८ घनसेंटीमीटरचें, म्हणून तिला त्या काळींहि सवलत नव्हती. पोलो जीटीचें एंजिन ११९७ घनसेंटीमीटरचें होतें, तें उगीच नव्हे! जपानमध्येंहि असाच लहान गाडीचा नियम आहे: एंजिन ६६० घनसेंटीमीटरच्या आंत. बळहि चौसष्ट अश्वशक्तीवर थांबवावें, असा कारखानदारांचा आपसांतील संकेत होता. त्या कुंपणाच्या आंत राहून १९९१ सालीं होंडानें ७६० किलोंची बीट आणि सुझुकीनें सुमारें ७०० किलोंची कापुचिनो काढली. बळाला कुंपण पडलें, तेव्हां त्या लोकांनीं भारावर लक्ष दिलें. आमच्या मोजपट्टींत लांबी आहे, एंजिनाचें आकारमान आहे. वजनाचा रकानाच नाहीं. जें मोजलें जात नाहीं, त्याची काळजी कारखानदारहि घेत नाहीं आणि गिऱ्हाईकहि घेत नाहीं. माझ्या मतें करांत वजनाला स्थान असावें, आणि हलक्या गाडीला त्याचें फळ मिळावें.

वडील इतका वेळ स्वस्थ ऐकत होते. मग ते म्हणाले, “सर, तुमचं गणित खरं असेल. पण ठोकर बसली तर हलकी गाडी चेपते. पोरगा माझा एकच आहे.”

या वाक्यापुढें खडू खालीं ठेवावा लागतो. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, तर हलकींतील माणसांना धक्का अधिक बसतो, हा सृष्टीचा नियम आहे. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांतील पांच लहान गाड्यांच्या चांचणीचे निकाल जाहीर केले. नॅनोसह पांचांनाहि एकसुद्धां तारा मिळाला नाहीं. परंतु त्याच चांचणींतील एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हवेच्या पिशव्या नसलेल्या पोलोला शून्य तारे होते. त्याच पोलोला दोन पिशव्या बसवून पाहिल्या, तेव्हां प्रौढांच्या संरक्षणासाठीं चार मिळाले. त्या पिशव्यांनीं गाडीचें वजन टनांनीं वाढलें नव्हतें. म्हणजे सुरक्षितता ही वजनांतून येत नाहीं. मजबूत सांगाडा, पट्टा, पिशव्या आणि विचारपूर्वक रचना यांतून येते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चांचणी सुरू झाली आहे. गाडी घेणाऱ्यानें तिचे तारे अवश्य पाहावेत. हलकेपणाच्या नांवाखालीं सांगाड्यांतील पोलाद चोरणें हा हलकेपणा नव्हे, ती लबाडी होय.

आणि दुसरी गोष्ट. शेजाऱ्याची गाडी जड म्हणून मी माझी जड घेतली. माझी जड पाहून तिसऱ्यानें त्याहून जड घेतली. तर शेवटीं कोण सुरक्षित झाला? ओव्याच्या गल्लींतून पायीं शाळेस येणाऱ्या पोराला तर या शर्यतींत भाग घेतांच येत नाहीं. समोरचा आपणहून बाजूला होतो, असें वडील मघां म्हणाले होते. जो बाजूला होऊं शकत नाहीं, त्याचाहि विचार गाडी घेतांना व्हावयास नको काय?

अलीकडे या प्रश्नाला नवें वळण लागलें आहे. विजेच्या गाड्यांनीं बळ स्वस्त केलें. चाकणला तयार होणारी महिंद्रची बीई ६ ही नोव्हेंबर २०२४ मध्यें जाहीर झाली. आरंभीची किंमत १८ लाख ९० हजार, आणि त्या प्रकारांतहि सुमारें २३० अश्वशक्ति. थोरल्या बॅटरीच्या प्रकारांत २८६. दहा वर्षांपूर्वीं एवढें बळ एवढ्या पैशांत स्वप्नांतहि मिळालें नसतें. धूर नाहीं, आवाज नाहीं. हे गुण मोठे आहेत, आणि मीं त्यांचें स्वागतच करीन. परंतु बॅटरीचेंच वजन कांहीं शें किलो असल्यामुळें अशा गाड्या दोन टनांच्या घरांत जातात. बळ स्वस्त झालें कीं भाराची लाज वाटेनाशी होते. भागाकार चांगला येतो, म्हणून आपण खूष होतों. पण तेराव्या मजल्यावर आतां एकाऐवजीं दोन टन चढविलेले असतात, हें विसरतों. वेग घेणें जितकें सोपें झालें, तितकें थांबणें सोपें झालें नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची खरी ओढ असेल, त्यांना मी दुसरी वाट दाखवीन. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलें स्वतः छोटी शर्यतीची गाडी बांधून स्पर्धेंत उतरतात. पुण्याचे संघ त्यांत असतात. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही तशी स्पर्धा होते. या प्रकारच्या स्पर्धांत एंजिन ७१० घनसेंटीमीटरच्या आंत हवें, आणि त्याला हवा केवळ वीस मिलिमीटरच्या नळींतून घ्यावी लागते. म्हणजे बळ आधींच बांधलेलें. मग जिंकावयाचें कसें? भार उतरवून! आणि गुण केवळ वेगाला नसतात. एकूण हजार गुणांपैकीं शंभर गुण गाडी किती खर्चांत झाली व तो हिशेब किती चोख मांडला याला असतात. बळ, भार आणि मोल यांची शिकवणी याहून चांगली कोठें मिळणार? वेगाची हौस तेथें, बंद मार्गावर, डोक्यावर शिरस्त्राण घालून भागवावी. कळंबोलीहून निघणारा द्रुतगतिमार्ग हें शर्यतीचें मैदान नव्हे. तेथें सपाटीवर शंभराची मर्यादा आहे, घाटांत त्याहून कमी. आणि ती मर्यादा तेरा मजल्यांच्या हिशेबानेंहि थोडी नाहीं.

पालकांना माझी विनंति अशी. मुलाला वेगवान गाडी आवडते म्हणून त्याला उनाड ठरवूं नका. चपळपणाची आवड हा तारुण्याचा धर्म आहे, आणि तिच्या पोटांत गणित व यंत्रशास्त्र यांची आवड लपलेली असूं शकते. पण त्याच्या हातांत किल्ली देण्यापूर्वीं त्याच्याकडून तीन आंकडे लिहून घ्या: अश्वशक्ति किती, वजन किती, आणि सगळे कर, विमा व कर्जाचें व्याज धरून किंमत किती. चौथा आंकडा सुरक्षिततेच्या ताऱ्यांचा. हे चार आंकडे जो शांतपणें मांडूं शकतो, तो बहुधा गाडीहि शांतपणें चालवितो. आणि मुलांनो, बापाच्या जमिनीचा पैसा एकदांच येतो. जी गाडी घेऊन दर महिन्याला श्वास कोंडतो, ती कितीहि पळो, तिनें तुम्हांला हलकें केलें नाहीं; तिनें तुमच्यावर भार घातला.

दिवाळीच्या सुट्टींत तो मुलगा पुन्हां भेटला. बापलेक तीन दुकानें पाहून आले होते. गाडी अजून घेतली नव्हती. तो हंसत सांगूं लागला, “सर, एका ठिकाणी विक्रेत्यानं सात रंग सांगितले, छपराची काच सांगितली, गाणी कशी वाजतात ते दाखवलं. मी विचारलं, वजन किती? तर तो पुस्तिका चाळत बसला, आणि त्याला ते सापडलं नाही.”

“मग वडील काय म्हणाले?” मीं विचारलें.

“बाबा म्हणाले, चल, दुसरीकडे जाऊ. ज्याला आपल्या बैलाचं वजन माहीत नाही, त्याच्याकडून बैल घेऊ नये.”